काळी गोटी

लोणावळ्यातल्या त्या दगडी इमारतीला लोक आजही भुताचा बंगला म्हणतात. भुतं कसली डोंबलाची! रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेला फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाचा लॉज, म्हणजे सभेची जागा ती. साहेब गेले, पारशी आले, मग रेल्वेतले आपले लोक आले. दार बंद करून, एप्रन बांधून विधी करायचे आणि बाहेर येऊन गाजावाजा न करता गोरगरिबांच्या उपयोगी पडायचं, हेच त्यांचं गुपित. दरवर्षी मावळातल्या एखाद्या गावात मोतीबिंदूचं शिबिर, हे त्यातलं मोठं काम.

ते आता एकट्या निवृत्तीआबांच्या मानगुटीवर बसलं होतं. रेल्वेतले निवृत्त फिटर, लॉजचे सेक्रेटरी. डॉक्टरांना फोन त्यांनीच करायचे, शाळेच्या किल्ल्याही त्यांनीच मागायच्या. थकले होते हो! गुडघे थकलेच होते, पण मन जास्त थकलं होतं. यंदा धुकंसुद्धा फार दाट पडतंय, अशी कुरकुर चालायची. त्यातून लॉज उघडायला सात जण लागतात, आणि उरलेही होते सातच. त्यातले एक पारशी काका मुलीकडे कायमचे निघालेले. नवा माणूस मिळाला नाही तर लॉजला कुलूप, आणि लॉजबरोबर शिबिरही गेलं, असं आबा धरून चालले होते.

म्हणून त्यांनी आकाशचं नाव सुचवलं. मावळातल्याच सुदुंबरे गावचा पोरगा, कारखान्यात कामाला. आजीच्या, विठाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन शिबिरातून झालं, तेव्हापासून म्हाताऱ्यांची ने-आण करायला दरवर्षी टेम्पो घेऊन हजर. हा आला की मी सुटलो, असं आबा मनाशी म्हणायचे.

नवा माणूस घ्यायचा तर गुप्त मतदान होतं. ताटलीतली पांढरी गोटी पेटीत टाकली की होकार, काळी टाकली की नकार. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाद, वर्षभर त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. कुणी कुठली टाकली ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

त्या दिवशी वीज गेलेली. मेणबत्त्या लावून पेटी फिरली. हाताळून हाताळून पांढऱ्या गोट्यासुद्धा सुपारीच्या रंगावर गेलेल्या. पेटी उघडली, तर एक काळी.

 आबांची नजर गेली ती शेजारी बसलेल्या महिपतीवर. महिपती सुदुंबऱ्याचेच बागायतदार, आकाशच्या बापाशी, गेणूशी त्यांचं बांधावरून जुनं वैर. दुसरं कोण असणार? बाहेर आल्यावर आबांना राहवलं नाही.

"महिपतीभाऊ, बांध कोरता कोरता लॉजही कोरलात. आता आंधळ्या म्हाताऱ्या नेऊन बसवा तुमच्या बांधावर!"

महिपतींनी टोपी नीट केली आणि निघून गेले.

आबांच्या लेखी शेवटचं शिबिर सुदुंबऱ्याच्या शाळेत भरलं. "तुझं जमलं नाही रे," एवढंच आबांनी आकाशला कळवलं होतं. तरी पोरगा टेम्पो घेऊन आलाच. महिपतीही आले, म्हाताऱ्यांना हात धरून आत नेत राहिले. आबा त्यांच्याशी शब्दानं बोलले नाहीत.

रांग संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, या, तुमचेही डोळे बघू."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत आबा बसले.

"दोन्ही पिकलेत! अंधारात काळं-पांढरं तरी कळतं का हो तुम्हाला?"

आबांना मेणबत्तीच्या उजेडातली ती गोट्यांची ताटली आठवली. धुकं कुठलं आलंय! जन्मभर दुसऱ्यांचे डोळे करून दिले आणि स्वतःच्या दिव्याखाली हा अंधार. या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, अशा खुणेची चिकटपट्टी उजव्या भुवईवर मिरवत ते व्हरांड्यात आले आणि महिपतींसमोर उभे राहिले.

"भाऊ, ती गोटी..."

"तुमच्याच हातात व्हती. दिसली मला."

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला नाही नाही ते बोललो!"

"बोलायचं न्हाई आसा नेम हाय ना. मला वाटलं, तुमाला पोरात कायतरी खोट दिसली आसंल, आन् ती झाकाया माझ्यावर घालताय. तुमी उगाच न्हाई टाकायचे."

आबांना रडू आवरेना. महिपतींनी आपलं उपरणं पुढं केलं.

दवाखान्यात न्यायला टेम्पो लागला. आकाशनं हात दिला. लॉजचा नियम गेला खड्ड्यात, म्हणून आबांनी त्याला सांगून टाकलं, "पोरा, काळी गोटी माझीच होती. दिसलं नाही रे मला. लॉज आता बुडाला. शिबिरही बुडालं."

आकाशनं टेम्पोचं दार उघडलं.

"शिबिर का बुडंल? पुढच्या साली इंदुरीत घ्यायचं, शाळेत बोलून ठेवलंय मी. लॉजचं मला कुटं पडलंवतं? तुमी म्हनला म्हनून व्हय म्हनलो."

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"तुमी इचारलंच न्हाई, आबा. वाका, डोक्याला लागंल."