चौदा नंबरसमोरची जाळी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन पाण्याचे मीटर वाचतेय. कुत्री, कुलपं आणि 'उद्या या' पचवून कुणाचा स्वभाव गोड राहील? पण त्या दिवशी पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर बसले होते, तेव्हा राग माझा माझ्यावरच होता.

पालिकेनं सायकल सल्लागार समितीसाठी अर्ज मागवले होते. जागा सात, पगार शून्य, हौस असेल त्यानं यावं. मी स्वतः पालिकेची नोकर, म्हणून मला बंदी. मग मी नणंदेच्या नावानं अर्ज भरला आणि सही तेवढी तिची घेतली.

"कसला कागद गं?"

"कर गं, पालिकेचं काहीतरी आहे."

मुलाखतीचं पत्र आलं आणि माझं बिंग फुटलं.

नणंद म्हणजे आमची छकुली. चाळिशी उलटली तरी घरात हेच नाव. ती नर्स आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं ड्रेसिंग करते. पूर्वी सायकलवरून वाऱ्यासारखी जायची. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याजवळ, चौदा नंबरच्या घरासमोर, तिचं पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण धीर गेला तो गेलाच. तेव्हापासून दोन बस बदलते, निम्मीच घरं होतात आणि संध्याकाळी घरी येते ती पार गळून. सायकल जिन्याखाली पडून होती. तिनं पुन्हा त्या सायकलवर बसावं, एवढंच मला हवं होतं. शहराचं भलं वगैरे नंतर.

"वहिनी, मी आत खरं सांगणार हं," बाकावर ती म्हणाली. "सायकल सोडलीय म्हणून."

"सांग की. हसं झालं तर दोघींचं होईल."

"तुझं होईल. मी फक्त सही केलीय."

ती आत गेली. पाच मिनिटांत कारकुनानं दार किलकिलं केलं. "वहिनी कोण? आत बोलावलंय."

टेबलामागे अध्यक्षीणबाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि शेजारी रस्त्यांचे इंजिनिअर. बाईंनी आमचा अर्ज नापास मुलाच्या पेपरासारखा वर धरला होता.

"'सूचना' या रकान्यात दोन पानं भरून नुसते आकडे आहेत. यांना विचारलं तर म्हणतात, वहिनीला विचारा."

मी जीभ चावली. अर्ज मी दुपारच्या सुट्टीत, मीटरच्या वहीशेजारी बसून भरला होता. आमच्या वहीत शब्द लिहायचेच नसतात. घर नंबर, आकडा, की पुढचं घर. सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप तसाच चालला. वाचणारे वेगळे आहेत, हे डोक्यातच आलं नाही.

"घर नंबर, आणि त्या घरासमोरच्या गटाराच्या जाळीची फट. बोटांत," मी सांगितलं. "दांडे रस्त्याच्या दिशेनं असले आणि फट दोन बोटं असली, की सायकलचं चाक आत जातं. अशा एकशे अकरा जाळ्या आहेत."

"मोजल्या कोणी?" इंजिनिअर सावरून बसले.

"मी. मीटर वाचायला त्या दारात जातेच."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

छकुलीनं अर्ज ओढून घेतला. पहिलीच ओळ होती: चौदा, दोन. तिचं बोट तिथंच थांबलं.

"तू कधी बोलली नाहीस, वहिनी."

"त्यात काय बोलायचं?" मी म्हटलं.

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "काम उत्तम आहे. पण तुम्ही नोकर, तुम्हाला घेता येत नाही. आणि या सायकल चालवत नाहीत. बाकीचे अर्जदार रोज चालवतात हो."

माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात छकुलीनं माझा हात दाबला.

"त्यांना घ्याच," ती म्हणाली. "पण ते चालवतात म्हणजे त्यांचं कसंबसं भागतंय. ज्यांनी सोडली, त्यांचं कोण बोलणार? मी मनगट धरून गटाराशी बसले होते, तेव्हाच ठरवलं, पुरे. असं ठरवणारी मी एकटी नसेन. मी जाते त्या घरांत एखादी तरी सायकल अशीच धूळ खात असते. का पडून आहे, ते विचारून आणीन. मला लोक दारातून परत पाठवत नाहीत. बसायला खुर्ची देतात."

शेवटचा टोमणा मला होता. मी तो आनंदानं घेतला.

"जाळी उचलून आडवी बसवायची, एवढंच असतं खरं तर," इंजिनिअर पुटपुटले.

"मग दोन वर्षं कसली वाट बघत होतात?" राहवलं नाही मला.

आता संपलं सगळं, असं धरूनच आम्ही घरी आलो. आठ दिवसांनी पत्र आलं. सात नावांत छकुलीचं शेवटचं होतं.

पहिल्या बैठकीच्या सकाळी जिन्याखालून पंपाचा आवाज आला. छकुली हवा भरत होती. मी मदतीला गेले नाही, गेले असते तर तिनं पंप ठेवून दिला असता. ती निघाली, तशी मी माझ्या सायकलवर चार हात मागे. चौदा नंबर आला. जाळी तशीच होती. छकुली उतरली, सायकल हातात धरून जाळीला वळसा घातला आणि पुढे जाऊन परत बसली. 'अगं, बाजूनं काढ की!' माझ्या ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा गिळलं.

संध्याकाळी तिनं माझ्यापुढे वही ठेवली.

"मी सगळ्यांना एकच विचारलं, आज येताना कुठं उतरलात? आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग एकेक जण सांगायला लागला. मला वाटायचं, चालवणाऱ्यांत मी एकटीच भित्री. सातही जण कुठं ना कुठं उतरतात गं, वहिनी!"

वहीत शब्द एकही नव्हता. नुसते घर नंबर आणि आकडे, माझ्यासारखे. पहिली ओळ चौदा, दोन. तिच्यासमोर इंजिनिअरच्या अक्षरात कामाची तारीख होती, उद्याची.

"परवा मी उतरणार नाही," छकुली म्हणाली.

मग मात्र मला रडूच आलं. आणि रागही आला, एवढ्याशा कामाला दोन वर्षं लागली म्हणून.