पत्रू ब्रह्मपुरीले गेला

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणते. मी घेते. सोमाजी. घ्या, घेतलं. आता माह्या जिभेले काय होते ते होऊ द्या. जे व्हायचं होतं ते कवाच होऊन गेलं.

आमी ढिवर. चांद्याकडच्या जंगलात तळ्याच्या पाळीवर आमची घरं. तळ्यात जाळं टाकायचं, मासोळी विकायची, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाचं रोवणं करायचं. सोमाजी आमच्या लोकायचा मुखिया. तो हो म्हणे तर गाव हो म्हणे. त्यानं मान आडवी हालवली का मंग कोणी किती बी डोकं आपटो, गाव जाग्यावरून उठत नसे. कंपनीवाल्यायले हे बरोबर समजलं होतं.

तळ्याच्या पलीकडं कोळसा निंगाला. कंपनी आली, तंबू पडले, जमिनीत तिरपी वाट खोदून खाणीचं तोंड पाडलं. पण आतमधी जायले माणूस भेटेना. आमच्या लोकायचं एकच म्हणणं, मेल्यावर त मातीखाली जाचंच आहे, जितेपणी कोण जाते बापा? पहिला साहेब आला तो धमकावून गेला. दुसरा पोट्ट्यायले गोळ्या वाटून गेला. पोट्ट्यायनं गोळ्या खाल्ल्या, कोणी हललं नाई. मंग कंपनीनं गुणवंतरावाले धाडलं.

हा बाबू नागपूरचा. काळी टोपी, पांढरं धोतर, गोड आवाज. आला तो खाटेवर नाई बसला, खाली जमिनीवर बसला. मले म्हणे, "सुगंधाबाई, तुमच्या हातची मासोळी खाऊ घाला." त्या काळात अशा मोठ्या जातीचा माणूस आमच्या हातचं पाणी बी पेत नसे. यानं बोटं चाटून मासोळी खाल्ली, वरून रस्सा मागून घेतला. दारातल्या बाया तोंडाले पदर लावून पाहत राह्यल्या. सोमाजीची छाती अशी फुगली का बंडीचे बंद तुटतात का काय असं मले वाटलं.

मंग एक दिवस तो म्हणते, "सोमाजीभाऊ, माझ्याशी महाप्रसाद बांधाल का?"

त्याले कोणं शिकवलं हे, देव जाणे. आमच्या झाडी मुलखात महापरसाद बांधतात. दोन माणसं देवापुढं बसतात, एकमेकायच्या तोंडात प्रसाद घालतात, अन् त्या दिसापासून ते सख्ख्या भावाहून जवळचे. मंग एकमेकायचं नाव घ्याचं नाई, 'महापरसाद' म्हणूनच हाक मारायची. भावाशी भांडता येते, भावाले कोर्टात नेता येते. महापरसादाशी नाई. अन् त्याच्या बोलण्यावर शंका त घ्याचीच नाई. तो म्हणन आज अमावस आहे, तर वर चांद दिसत असला तरी आपण मान खाली घालाची अन् हो म्हणाचं. हे आमच्या लोकायतलं. नागपूरच्या बाबूले त्याचं काय बंधन, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाई. देवापुढं ज्यानं प्रसाद खाल्ला तो बांधल्या गेला, इतकंच आमाले ठाऊक.

मारोतीच्या पारावर त्याहीनं महापरसाद बांधला. सोमाजी पोरीचं लगन झाल्यासारखा रडला. बाबूनं बी डोळे पुसले. काय डोळे पुसले वं त्यानं! आजबी आठवलं का माहं आंग जळते.

थोडे दिवस गेले अन् बाबू म्हणे, "महाप्रसाद, खाणीत काही भेव नाही. तुमच्या माणसांच्या केसाला धक्का लागला तर मला विचारा. मी तुमचा भाऊ बसलो आहे ना इथे?" सोमाजी घरोघर फिरला. "माहा महापरसाद म्हणते," इतकंच सांगे. अन् सगळ्यात पयले त्यानं आपला पोरगा धाडला. आमचा एकुलता एक, पत्रू. मुखियाचा पोरगा गेल्याबिगर बाकीचे कसे जातीन? पत्रू गेला, त्याच्यामागं त्याचा सोबती मुखरू गेला, मंग सारे गेले.

पत्रूले त्याहीनं खाणीच्या पार शेवटच्या टोकाले ठेवलं. तिथी पाणी साचे, ते उपसून काढाचं. म्हणे ढिवराचं पोट्टं, पाण्याले भेत नाई. तो होताच तसा. हासत जाये, काळा होऊन हासत येये. मी म्हणो, "अरे तोंड त धू, तुही बायको वळखीन का तुले?" त्याची बायको कुंता तवा पहिलटकरीण, ब्रह्मपुरीजवळ माहेरी गेलती. पत्रू रोज एकच गोष्ट इचारे, आई, काही निरोप आला का?

त्या दिवशी दुपारी मी त्याच्यासाठी भाकर घेऊन गेली. खाणीच्या तोंडापाशी बसून तो जेवला. माह्या पदराले हात पुसले, मी टपली मारली, अन् तो दिवा घेऊन खाली गेला. ह्या डोळ्यायनं पाह्यलं मी. मी तिथीच बाभळीखाली जराशी टेकली, अन् थोड्या वेळानं खाणीतून धूर निंगाला.

कोळशाले आतमधी आग लागली होती. माणसं खोकलत, पडत, एकमेकायले ओढत बाहीर आली. मी एकेकाचं तोंड पुसून पाहो. पत्रू नाई. सगळ्यात शेवटी मुखरू आला. मी त्याले धरलं. तो म्हणे, "काकी, पत्रू मांगं राह्यला. मी आवाज देल्ला, त्यानं ओ देल्ली, मंग धूर आला." मी बोंब ठोकली. पाळीवरून सारं गाव धावलं, सोमाजी धावला.

चांद्याहून एक सरकारी साहेब त्या दिवशी खाण पाहायले आलता. तो म्हणे, तोंड विटायनं बंद केल्याबिगर आग विझत नाई, पण आत माणूस असन तर आधी त्याले काढा, मंग भिंत बांधा. हा कायदाच होता म्हणे. माणसं बाहीर काढेपर्यंत आग कोळसा खात राहीन, हे बी सगळ्यायले दिसत होतं. कंपनीचा मोठा साहेब बाबूच्या कानात काही बोलला. बाबू मुखरूच्या खांद्यावर हात ठेवून त्याले बाजूले घेऊन गेला. परत आले तवा मुखरू माह्याकडं पाहे ना. म्हणे, "धूर होता काकी. मले काही समजलं नाई. ओ देल्ली ते दुसरं कोणी असन."

मंग बाबू सोमाजीपाशी आला. हासत आला हो, आगीच्या तोंडापुढं! सोमाजीचे दोन्ही हात हातात घेतले अन् म्हणे, "महाप्रसाद, घाबरता कशाला? पत्रू खाणीत नाहीच. दुपारी ब्रह्मपुरीहून निरोप आला. मुलगा झाला तुमच्या सुनेला! मीच त्याला सुट्टी दिली. पळतच गेला तो गाडी धरायला. तुम्ही आजोबा झालात, अन् मीही झालो."

सोमाजीचं तोंड मी कवाच नाई इसरणार. मेलेला माणूस उठून बसावा तसं ते तोंड फुललं.

"नाई!" मी ओरडली. "माह्यापुढं जेवून खाली गेला तो. ह्या डोळ्यायनं पाह्यलं मी."

"वहिनी, खाली गेला तो लगेच बाहेर आला. तुम्ही बाभळीखाली डोळे मिटून पडल्या होत्या," बाबू म्हणे. किती मायेनं म्हणे!

"मी जागी होती! खाणीच्या तोंडावरून नजर नाई हालवली मी. साहेब, माहा पोरगा आत आहे. जिता आहे. त्यानं ओ देल्ली."

साहेबानं माह्याकडं पाह्यलं, बाबूकडं पाह्यलं. मंग सोमाजीले म्हणे, "तुम्ही बाप ना? तुम्ही सांगा. मुलगा आत आहे का?"

 धूर डोळ्यात जात होता. मी सोमाजीचे पाय धरले. म्हटलं, "हो म्हणा. तुमच्या पाया पडते, एकदा हो म्हणा. तो बाहीर कुठी भेटलाच, त मले जोड्यानं मारा. पण आता हो म्हणा."

सोमाजीनं बाबूकडं पाह्यलं. त्याले काय दिसलं असन? एकीकडं बायको म्हणते पोरगा जळून राह्यला. एकीकडं महापरसाद म्हणते पोरगा गाडीत बसून नातवाचं तोंड पाहायले चालला. कोणत्या बापाले दुसरं खरं नाई वाटणार? अन् तो त महापरसादाचा शब्द.

"नाई साहेब," सोमाजी म्हणे. "पोरगा माहा ब्रह्मपुरीले गेला."

मी आत धावली. चार बायायनं मले धरलं, जमिनीवर पाडलं. तिथूनच मी पाहत राह्यली. विटा आल्या, माती आली. आमच्याच माणसायनं विटा उचलून देल्ल्या. अंधार पडायच्या आत कमरेएवढी भिंत झालती.

सोमाजी तेवढ्यात नातवासाठी गुळाची भेली घेऊन चांद्याले निंगाला बी. छोट्या रेलनं ब्रह्मपुरीले गेला. परत आला तवा भिंतीवर चुना बसला होता. गुळाची भेली तशीच त्याच्या धोतराच्या सोग्यात. कुंता अजून बाळंत झालीच नव्हती. कोणी निरोप धाडलाच नव्हता. पत्रू तिथं गेलाच नव्हता.

"वाटेत कुठी थांबला असन," तो म्हणे.

जलमात पहिल्यांदा मी त्याले अरेतुरे केलं. "कुठी थांबन रे? भिंतीमांगं थांबला तो. तुहा पोरगा भिंतीमांगं आहे!"

"महापरसाद खोटं बोलनच कसा?" तो म्हणे. मंग भिताडाले टेकून खाली बसला. "मी नाई म्हटलं सुगंधा. साहेबापुढं माह्याच तोंडानं नाई म्हटलं." इतकंच बोलला. त्यानंतर ह्या गोष्टीवर तो माह्याशी कवाच बोलला नाई.

इकडं गाव बिथरलं. खाणीत जायले कोणी तयार होईना. कंपनीनं तळ्याच्या वरच्या बाजूले, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, खाणीचं दुसरं तोंड पाडलं होतं, ते रिकामं पडून राह्यलं. मंग बाबू आमच्या घरी आला. सोमाजी उठला. मले वाटलं, आता हा त्याची गर्दन धरते. कायची गर्दन! "सीताराम महापरसाद," म्हणे, अन् बसायले घोंगडी टाकली. मले म्हणे, मासोळी कर.

मी चूल पेटवली नाई. त्याहीले शेजारच्या नीलाबाईनं खाऊ घातलं.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. बाबू सोमाजीच्या बाजूले बसला. लोक म्हणत, सोमाजीभाऊ, तुमी सांगा, पत्रूचं काय झालं? मी पाराखाली उभी. आता तरी बोलन, असं मले वाटलं. पोटचा गोळा आहे, किती दाबून ठेवीन? पण तो बोलला असता तर भिंतीची पहिली वीट कोणं ठेवली हे बी त्याले बोला लागलं असतं.

सोमाजी उभा झाला. "पत्रू ब्रह्मपुरीले आहे," म्हणे. "मी भेटून आलो. पोरगा झाला त्याले. ह्या हातानं त्याच्या मांडीवर ठेवला मी नातू. सासऱ्याच्या घरी राहीन म्हणते काही दिवस."

लोकायनं सुटकेचा श्वास टाकला. काही त हासले बी. मी ओरडली तवा बाया म्हणे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या दिवसापासून माणसं खाली जाऊ लागली. मुखरू त्याहीचा मुकादम झाला.

मी रोज त्या भिंतीपाशी जाऊन बसो. कान लावो. आवाज काही येत नसे.

पाऊस संपून धान निसवलं, अन् कुंता आली. भावाच्या बैलबंडीत बसून, मांडीवर पोरगा घेऊन. रस्ता नव्या खाणीवरूनच येते. माणसं दिवे घेऊन कामावर चालली होती, सोमाजी त्याहीच्यात उभा होता. तिनं बंडी थांबवली, डोईवर पदर घेतला अन् त्याले म्हणे, "मामाजी, हे कुठी आहेत? पोरगा झाल्याचा निरोप धाडला, ते आलेच नाई."

सारी माणसं जाग्यावर थांबली. ब्रह्मपुरीहून आलेली बाई ब्रह्मपुरीले असलेल्या नवऱ्याचा पत्ता इथी इचारून राह्यली होती. न समजाले त्याच्यात काय होतं? सगळ्यायनं सोमाजीकडं पाह्यलं. सोमाजीनं हासून पोराच्या गालाले हात लावला.

"खाली आहे बाई कामावर," म्हणे. "सुट्टी झाली का येईन."

तिनं पोराले त्या खाणीच्या तोंडाकडं वळवलं. "पाहा रे, तुहा बाबा तिथून येणार आहे," असं म्हणे. हासत होती.

माह्यानं नाई राहवलं. मी भिंतीपासून उठली, बंडीपाशी गेली, पोरगा तिच्या भावाकडं देल्ला अन् कुंताचा हात धरून तिले खाली ओढलं. एक गोटा उचलला अन् तिच्या हातातल्या बांगड्या त्या बंडीच्या चाकावर ठेवून फोडल्या. एका हाताच्या, मंग दुसऱ्या हाताच्या. मनगटातून रक्त निंगालं. "आत आहे तो!" मी म्हणत होती. "जळला तो, कुंता! ह्यायनं बांधून टाकला त्याले! पाहा रे, सारे पाहा!"

कोणीच पाह्यलं नाई. मुखरूनं घंटी वाजवली, माणसायनं दिवे उचलले अन् ती खाली गेली.

कुंतानं आपल्या रिकाम्या मनगटायकडं पाह्यलं. मंग तिनं जी किंकाळी फोडली ती पत्रूसाठी नव्हती. ती माह्यासाठी होती. "जित्या माणसाच्या बांगड्या फोडल्या! आत्याबाईनं माह्या जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडल्या!" सोमाजीनं तिले जवळ घेतलं. म्हणे, बुढी पागल झाली बाई, मनावर नको घेऊ. त्यानं दुसऱ्याच दिवशी बाजारातून हिरव्या बांगड्या आणून तिच्या हातात भरल्या.

त्या आजबी तिच्या हातात आहेत. कुंकू बी आहे. माह्याच घरात राह्यते, माह्या हातचं पाणी पेत नाई. नातू मोठा झाला. गावातल्या पोट्ट्यायचं ऐकून खेळता खेळता मधीच इचारते, आई, बाबा ब्रह्मपुरीहून काऊन येत नाई? ती त्याले तोंडानं काही सांगत नाई. माह्याकडं बोट दाखवते.