एका आरशाची गाडी

“काय वाचू सांग,” असं म्हणत त्याने हातातली खेळण्याएवढी निळी मासेराती उलटी केली आणि चष्म्याशिवाय तिच्या पोटावरची अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं ती. “एकास त्रेचाळीस. म्हणजे खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा हिस्सा. अजून वाचू? हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि म्हणे डोळे दाखवून या.”

“सहज म्हटलं,” बायको म्हणाली.

सहज कुठलं. सकाळपासून ती हे कसं म्हणायचं तेच जुळवत होती.

तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर. सुट्टी संपून उद्या शाळा उघडणार होती, आणि सुट्टीचा शेवटचा दिवस म्हणजे गाड्या पुसायचा दिवस, हा त्याचा नेम. टेबलावर जुनी चादर ताणून अंथरायची, कपाटाची काच सरकवायची आणि हाताच्या पंजात मावणाऱ्या त्या गाड्या एकेक करून बाहेर काढायच्या. मग बायकोच्या पावडरच्या जुन्या ब्रशने त्यांची धूळ झटकायची. सगळ्या इटलीच्या. फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती. बाकीच्या देशांना त्याच्या कपाटात थारा नव्हता. ज्या माणसाने जन्मभर बसचा काटा चाळीसच्या वर नेला नाही, त्याला वेड कसलं, तर ताशी तीनशेने पळणाऱ्या गाड्यांचं. लोक हसत. हसोत बापडे. बायकोही हसायची, पण कपाटाची काच तीच पुसायची.

सकाळी तो केस कापायला गेला होता, तेवढ्यात बसमधल्या मावशी येऊन गेल्या. मुलांना चढवायचं, उतरवायचं, हे त्यांचं काम. एरवी हाक मारत थेट स्वयंपाकघरात शिरणारी बाई आज उंबऱ्यातच उभी राहिली.

“वहिनी, राग मानू नका. दादांना उजवीकडचं दिसत नाही.”

“काहीतरीच काय मावशी. पोरं घारकाका म्हणतात त्यांना. मागच्या बाकावर कोण काय खातंय ते पुढून सांगतात.”

“समोरच्या आरशात दिसतं हो. बाजूचं नाही दिसत. सुट्टी लागायच्या आधी एक पोरगी उतरली, बसच्या पुढून पलीकडे गेली. हातातली बाटली पडली म्हणून परत फिरली. दादांच्या उजव्या हाताने येत होती, चांगली अर्धा रस्ता पळत. त्यांनी गाडी काढली. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. बाटलीचा चुरा झाला, पोरगी वाचली. आणि दादा मलाच विचारतात, ही काय जमिनीतून उगवली?”

“शाळेत बोललात कुणाशी?”

“नाही. आधी तुमच्या कानावर घातलं. पण उद्या मी बसमध्ये चढले आणि गप्प बसले, तर त्या पोरांच्या आयांना तोंड कसं दाखवू?”

मावशी गेल्या. तिला मात्र एकेक गोष्ट आठवायला लागली. दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटायचा, तेव्हा तो सुताराला शिव्या द्यायचा. जेवताना उजवीकडचा पेला हमखास लवंडायचा. आणि ते नेहमीचं, “अगं, कुठे गेलीस?” ती त्याच्या उजव्या हाताला शेजारीच बसलेली असायची. लग्न झाल्यापासून तिची जागा तीच. त्याला थट्टेची सवय, म्हणून तीही म्हणायची, “तुमच्या डोक्यावर बसलेय, बघा.” आता त्या थट्टेचं तिला हसू येईना. तिच्या मामाला काचबिंदू झाला होता. दुखलं नाही, खुपलं नाही. समोरचं लख्ख दिसायचं आणि कडेने अंधार हळूहळू आत येत गेला. मामालाही कुणी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

आता दुपार कलली होती. तो टेबलाशी, ती त्याच्या उजवीकडे. गाड्यांच्या रांगेत सगळ्यांत कडेला, तिच्या हाताशी, लाल टेस्टारोसा उभी होती.

ही त्याची पहिली गाडी. तिनेच शिवणाच्या मशीनवर बसून मिळवलेल्या पहिल्या पैशांतून आणलेली. घरी आणून बघते तर गाडीला आरसा एकच, डाव्या अंगाला, उंचावर. उजव्या बाजूला काहीच नाही. दुकानदाराने फसवलं म्हणून ती तशीच पायात चप्पल घालून भांडायला निघाली, तेव्हा त्याने हसून हसून पोट धरलं होतं. म्हणाला, “अगं, खरी गाडीच अशी होती. पहिल्या पहिल्या गाड्यांना एकच आरसा दिलाय त्यांनी.” ती म्हणाली होती, “मग दुसऱ्या बाजूने कोण आलं तर?” तो म्हणाला होता, “या गाडीच्या बाजूने कोण येतंय?”

त्या गाडीवर माशी बसली तरी त्याला कळायचं. एकदा पाहुण्यांपैकी कुणीतरी नुसता हात पुढे केला होता, तर हा झोपेतून उठून बसला होता. म्हणून तर तिने तीच निवडली. दुसरी घेतली असती तर ‘लक्ष नव्हतं’ म्हणून मोकळा झाला असता.

तिने टेस्टारोसा उचलली. तो मान खाली घालून मासेरातीच्या चाकात ब्रश फिरवत होता. टेबलाच्या पलीकडच्या कडेला हात लांबवून तिने गाडी ठेवली आणि हलकेच ढकलून अलीकडे सोडली. गाडी चादरीवरून आवाज न करता आली, त्याच्या उजव्या कोपराला जवळजवळ घासून पुढे गेली आणि कडेवरून खाली पडली ती तिच्या ओंजळीत.

त्याच्या हातातला ब्रश थांबला नाही.

“रंग बघ कसा उठलाय,” तो मासेरातीकडे बघत म्हणाला.

तिला रडू आलं. तिने ते गिळलं. “अहो, एक विचारू? तुमची टेस्टारोसा कुठाय?”

“कुठाय म्हणजे?” त्याने रांगेवरून मान फिरवली आणि जागा रिकामी दिसताच चेहरा उतरला. तिने ओंजळ पुढे केली.

“आत्ता तुमच्या कोपराजवळून गेली.”

“खोटं.”

“देवाशप्पथ.”

“लक्ष नव्हतं माझं.”

“या गाडीकडे?”

तो एकदम उसळला. “कळलं. मावशीने कान भरले तुझे. अगं, दरवर्षी तपासणी होते आमची. तक्त्याची शेवटची ओळ वाचतो मी. डॉक्टरला कळत नाही आणि तुम्हा दोघींना कळतं?”

“तक्ता समोर टांगलेला असतो,” ती म्हणाली. “पोरगी बाजूने आली होती.”

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोलून गेल्यावर तिलाच भीती वाटली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्याच्या बस चालवण्याला कधी नाव ठेवलं नव्हतं. त्याने मासेराती खाली ठेवली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ताठ बसला, बसमध्ये बसायचा तसा.

“ठीक आहे. आता लक्ष आहे माझं. त्या समोरच्या कपाटातल्या पिवळ्या लॅम्बोर्गिनीवर डोळे ठेवतो, मान हलवत नाही. सोड तुझी गाडी. दिसली की हात वर करतो. आणि दिसली, तर पुन्हा हा विषय या घरात काढायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

तिने गाडी पलीकडच्या कडेला ठेवली. मनातल्या मनात म्हणाली, दिसू दे. मी खोटी पडू दे, मावशी खोट्या पडू देत. तिने हलकेच ढकलून बोटं सोडली. लाल रंग पांढऱ्या चादरीवरून आला, त्याच्या हाताजवळून गेला, तिच्या ओंजळीत पडला. तिने मूठ मिटली.

तो समोर बघत होता. हात मांडीवर, तयार.

“सोड की,” तो म्हणाला. “कशाची वाट बघतेस?”

तिने मूठ आणखी घट्ट केली. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. तो अजून ताठच बसला होता, पण हळूहळू त्याचे खांदे खाली आले. लॅम्बोर्गिनीवरची नजर न काढता त्याने हलक्या आवाजात विचारलं, “गेली का?”

“हो.”

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “ती पोरगी मला खरंच दिसली नव्हती गं. मला वाटलं, मावशी उगाच ओरडली. मी रागावलो तिच्यावर.”

तो उठला. उठताना उजवा हात लांब करून टेबलाची कड चाचपली. खिडकीत जाऊन शाळेच्या गाड्या बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, उद्या माझ्या बसवर दुसरा माणूस बसवा. नाही, ताप नाही. मला उजवीकडचं दिसत नाही. हो, मीच सांगतोय. परवाही नको. किल्ली सकाळी मी स्वतः आणून देतो.”

फोन ठेवून तो परत येऊन बसला. मासेराती हातात घेतली, ब्रश घेतला, आणि दोन्ही तसेच धरून राहिला.

“अगं, कुठे गेलीस?”

“इथेच आहे.”

त्याने मान उजवीकडे पूर्ण वळवली, जवळजवळ खांद्यापर्यंत, तेव्हा ती त्याला सापडली. तिचे डोळे पुसायचे राहिले होते.

“तिथे नको बसू,” तो म्हणाला. “या बाजूला ये. डावीकडे.”

तिने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या डाव्या हाताशी येऊन बसली. त्याने टेस्टारोसा तिच्याकडून घेतली आणि ब्रश तिच्या हातात दिला.

“आरसा सांभाळून,” तो म्हणाला. “एकच आहे.”