सत्तेचाळीस नंबरचं विरजण

"सर, इथला चौथ्या खणातला ट्रे कुठंय?"

फ्रीझरचं दार उघडं धरून कुमुदिनीबाईंनी विचारलं. चष्म्यावर गार वाफ बसली होती, तरी रिकामी जागा दिसायची ती दिसलीच.

"तो जुना? अच्छा, तो काल ऑटोक्लेव्हच्या वाफेत गेला." श्रीरंगनं लॅपटॉपवरून मानही उचलली नाही. पुण्याचा मुलगा, बाईंहून पंचवीस वर्षांनी लहान, आणि प्रयोगशाळेचा प्रमुख. "इन्स्पेक्शन आहे ना. बारकोड नसलेलं सगळं काढलं. बिल्कुल कचरा होता, ताई."

बाईंनी दार लावलं. परत उघडलं. आपण भलत्याच फ्रीझरसमोर उभ्या आहोत, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं.

"त्यात सत्तेचाळीस होता."

श्रीरंगची बोटं थांबली. स्क्रीनवर उद्याचं भाषण होतं, देशाच्या अर्थव्यवस्थेत अन्नसंशोधनाचा वाटा. पाचव्या पानावर सत्तेचाळीस नंबरचा जीवाणू, निळ्या रंगात, भोपळ्याएवढा. दिल्लीच्या जूनमध्येही दही आंबू न देणारा. परदेशी विरजण मागवायला नको, खेड्यातलं दही शहरापर्यंत टिकेल, असं खाली लिहिलेलं. पुढच्या आठवड्यात एक डेअरी तो नेणार होती.

"दुसरी कॉपी असेल ना?"

"होती. त्याच ट्रेमध्ये."

"यार ताई! मग बारकोड का नाही लावला?"

सहा महिने बाई नळ्यांना बारकोड लावत होत्या. सत्तेचाळीसपाशी आलं की मशीन विचारायचं, शोधणाऱ्याचं नाव? यादीत सगळे शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ एकही नाही. गाझियाबादकडच्या एका गवळणीच्या मडक्यातून चौदा वर्षांपूर्वी तो काढला होता बाईंनीच. नाव लागलं तेव्हाच्या साहेबांचं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता ते नाव आपल्याच बोटानं दाबायचं, तर बोट उचलेना. उद्या बघू, म्हणत त्यांनी ट्रे मागं सारला. एवढ्याशा रुसव्यापायी चौदा वर्षं एका दुपारी शिजून गेली.

त्यांनी घरी फोन लावला. "मैत्रेयी, दह्याच्या भांड्याला हात लावू नकोस."

"आई, आत्ताच कढी केली. सगळं दही संपलं. भांडंही घासलं. का गं?"

"उकळलीस?"

"न उकळता कढी कशी होणार?"

बाई स्टुलावर बसल्या. श्रीरंग बघतच राहिला. "तुम्ही कल्चर घरी नेलं होतं? ताई, ही चोरी आहे! एकतीसला रिटायर होताय तुम्ही!"

"चमचाभर नेलं होतं. दहा वर्षं झाली." एवढं बोलून त्या ताडकन उठल्या आणि पर्स उचलून बाहेर पडल्या.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी विरजण मागायला शेजारच्या पंजाबी बीजींचं दार वाजवलं. "बीजी, थोड़ा जामन मिलेगा?"

बीजींनी हात कमरेवर ठेवले. "दस साल से मैं तुझसे ले जाती हूँ। आज उल्टी गंगा?" मग बाईंचा चेहरा बघून त्या आतून स्टीलची झाकलेली वाटी घेऊन आल्या. "ले। दही भी तेरा, कटोरी भी तेरी। कब से पड़ी थी।"

वाटेतून त्यांनी फोन केला होताच; दुपारी प्रयोगशाळेत परतल्या तर श्रीरंगनं नव्या नमुन्याचा फॉर्म भरून ठेवला होता. कुठून मिळाला? बाजारातून.

"असंच राहू द्या, ताई," तो हळूच म्हणाला. "आपल्याकडे त्याच्या डीएनएचा रेकॉर्ड आहे. यातून वेगळा काढला, जुळला, की बात खतम. नाहीतर तुमची पेन्शन अडकेल."

बाईंनी पेन घेतलं, बाजार खोडला आणि लिहिलं: कुमुदिनी सबनीस, तंत्रज्ञ, यांनी घरी नेलेल्या कल्चरचं दही, शेजारणीकडून परत.

"कशाला पण?"

"बाजारात मिळत नव्हता, सर. म्हणून तर शोधला होता."

वाटीतलं दही तारेच्या टोकावर घेऊन त्यांनी जीवाणू वाढवायच्या प्लेटांवर रेघा ओढल्या. पंधरा प्लेटा झाल्या. त्यांवर तारीख घालून बाईंनी त्या उबेत ठेवल्या. जुळतोय की नाही, ते कळायला महिना जाणार होता. तोवर त्या इथं नसणार होत्या.

मग त्यांनी वाटी घासली आणि काचेच्या नळ्यांशेजारी पालथी घातली. इन्स्पेक्शनवाले आले तेव्हा सगळीकडे बारकोड चिकटवलेले होते. फक्त त्या वाटीच्या बुडाला, लग्नात भांडीवाल्यानं टिंबाटिंबांनी कोरलेलं, अर्धंमुर्धं झिजलेलं नाव होतं. कुमुदिनी.