घरचा नमुना

सूनबाईंच्या सासऱ्यांच्या आजोबांनी धातूला मुलामा देण्याची पहिली टाकी बांधली. सासऱ्यांच्या वडिलांनी एकीच्या आठ केल्या. आणि सासऱ्यांनी अंगणातली आटलेली विहीर लोखंडी झाकणाने बंद करून टाक्यांतले वापरलेले पाणी तिच्यात सोडण्याची युक्ती काढली. कारखाना आता त्यांचा मुलगा चालवीत होता, आणि मुलाला चालवीत होत्या त्याच्या आई. गल्लीत त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्यापुढे बोलताना फोरमनही हातातला पाना खाली ठेवी.

त्या गल्लीत एक रीत होती. नियमाप्रमाणे सरकारी तपासनीसाने सांडपाण्याच्या नळीला बाटली लावून नमुना घ्यायचा. प्रत्यक्षात तपासनीस बाहेरच्या खोलीत चहा घेत बसे आणि त्याची रिकामी बाटली स्वयंपाकघरात जाई. घरची मालकीण पिण्याच्या माठातून ती भरी. पाणी अगदीच निर्मळ दिसू नये म्हणून वर चिमूटभर राख टाकी. याला ‘घरचा नमुना’ म्हणत. किल्ल्यांच्या जुडग्यासारखे हे काम सासूकडून सुनेकडे येई. मोठ्या बाईंनी ते अडतीस वर्षे पापणीही न हलवता केले होते.

त्या सकाळी त्यांनी बाटली सुनेपुढे धरली.

“सूनबाई, आजपासून हे तुझं काम.”

“आई, मला नाही जमणार.”

“पाणी भरायला काय जमायचंय? शाळेत एवढी पन्नास पोरं सांभाळतेस ना?”

“त्यातली बारा पोरं खालच्या वस्तीतली आहेत, आई. त्यांच्या हातांची सालं निघतात. मी पाणी भरेन, खोटं नाही भरणार.”

बाहेरून मुलाने हाक मारली, “अगं, आटपा! साहेब तिसऱ्या बिस्किटावर आलेत. चौथं खाल्लं की यांचा भाव वाढतो.”

बाईंनी सुनेकडे एक जळजळीत नजर टाकली, बाटली स्वतः भरली, राख टाकली आणि बाहेर पाठवली. बाटलीवर लाखेची मोहोर लागली. तपासनीस गेला.

मग खरी ठिणगी पडली. सुनेने वर्तमानपत्राचे कात्रण ओट्यावर ठेवले. राज्याच्या विधिमंडळापुढे पर्यावरणरक्षणाचे विधेयक आले होते. यापुढे नमुना नळीतूनच, तोही शेजाऱ्यांच्या समक्ष घ्यावा आणि निकाल रस्त्यावर लावावा, असे त्यात म्हटले होते. उद्या त्यावर नागरिकांची सुनावणी होती. मागच्या खेपेस हेच विधेयक पडले होते, कारण कारखानदारांनी वर्षानुवर्षांचे स्वच्छ अहवाल समितीपुढे ठेवले आणि ते खोटे आहेत असे सांगणारे कोणी पुढे आले नाही.

“मी जाणार आहे बोलायला,” सून म्हणाली.

“जा की!” मुलगा हसला. “म्हणतील, बाटली कधी हातात तरी धरलीय का? तू कुठे भरलीस ती? तुला काय ठाऊक?”

ते खरेच होते. ठाऊक असणारी बाई ओट्याशी उभी राहून माठ झाकत होती.

“घरातलं घरात राहू दे,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

दुपारी मागच्या दाराशी दाई आली. खालच्या वस्तीतल्या या बाईला त्या घरात कोणी अडवीत नसे. मुलगा दहा दिवसांचा असताना मोठ्या बाई तापाने बेशुद्ध पडल्या होत्या. तेव्हा दाईने आपल्या लेकीबरोबर त्यालाही तीन महिने अंगावर पाजले. पुढे बाईंनी जे जे देऊ केले, ते ते तिने परत केले. “दूध विकत नाही मी,” एवढेच म्हणे. छत्तीस वर्षे हे ओझे बाईंच्या मानी मनावर बसले होते.

आज तिच्या हातात रिकामा डबा होता.

“मोठ्या बाई, थोडं पाणी द्या. नात दवाखान्यात आहे. सारखी पाणी मागते.”

“तुमच्याकडे पंप आहे ना?”

“पिवळं येतं हो. उकळलं तर आणखीनच पिवळं. डॉक्टर म्हणाले, हे पाजू नका.”

“नातीला काय झालंय?”

“मूत्रपिंडं म्हणतात. सहा वर्षांची पोर. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत नाहीत, जमिनीकडे बघून बोलतात.”

बाईंनी माठात ओगराळे बुडवले. सकाळी याच माठातले पाणी त्यांनी बाटलीत भरून सरकारला पाठवले होते. आणि ज्या घराचे दूध त्यांच्या मुलाच्या अंगात होते, त्या घराला काय पाठवले होते? अंगणात टाकीची तोटी कोणीतरी उघडली. झाकणाखाली विहीर गुरगुरू लागली. तो आवाज बाईंनी रोज ऐकला होता, आज प्रथमच त्यांच्या अंगावर काटा आला.

त्यांनी डबा काठोकाठ भरून दिला. दाई तो घेऊन दवाखान्याकडे निघाली.

संध्याकाळी बाईंनी सुनेला विचारले, “उद्या किती वाजता निघायचं?”

मुलाच्या हातातला घास तसाच राहिला. “आई, तू तोंड उघडलंस तर कारखान्याला टाळं लागेल.”

“लागेल.”

“तुला तुरुंगात टाकतील!”

“बरं होईल. तिथे तरी मला कोणी बाटली भरायला सांगणार नाही.”

सुनावणीच्या दालनात कारखानदारांच्या प्रतिनिधीने अहवालांचा गठ्ठा टेबलावर आपटला. “अडतीस वर्षांत एक नमुना सदोष नाही!” पहिल्या रांगेत गल्लीतल्या मालकिणी माना खाली घालून बसल्या होत्या. मुलगा दाराशी उभा होता. त्याने आईची नजर चुकवली.

मोठ्या बाई उठल्या. आवाज घरच्यासारखाच करारी होता.

“त्या गठ्ठ्यातल्या आमच्या घरच्या प्रत्येक अहवालातलं पाणी माझ्या माठातलं आहे. मी भरलं. राख मी टाकली. कारखान्याचं पाणी विहिरीत जातं आणि विहिरीतून खालच्या वस्तीच्या पंपात. हे विधेयक मंजूर करा. त्यातले ‘शेजाऱ्यांच्या समक्ष’ हे शब्द वगळायला लोक येतील, चांगले सुशिक्षित लोक येतील. एक अक्षर काढू नका.”

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, “बाई, या जबानीवरून तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. विचार करा.”

“विचार अडतीस वर्षांपूर्वी करायला हवा होता. आता लिहून घ्या.”

लेखनिकाने लिहून घेतले. बाईंनी सही केली, खाली पूर्ण पत्ता घातला.

जिन्याशी दाई उभी होती. दवाखान्यातून तशीच आली होती.

“मला उशीर झाला,” बाई म्हणाल्या. असे त्या जन्मात कोणाला म्हणाल्या नव्हत्या.

“पोरीचं काय व्हायचं ते रात्रीपर्यंत कळेल.” दाईचे डोळे कोरडे होते. “पण आज तुम्ही जी जबानी दिलीत, ती मी घेतली, बाई. दुधाचं माझं तुमच्याकडे आता काही राहिलं नाही.”

आणि ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली.