कूपनांचे रोख पैसे

आर्लीनने कूपनं चिकटवून भरलेल्या नऊ वह्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाली, "रोख पैसे हवेत."

गुंडरसनबाई हसायलाच लागल्या. मिनेसोटातल्या त्या गावात वाणसामानावर मिळणारी कूपनं साठवून बायका त्यांच्या दुकानातून वस्तू नेत. रोख पैसे आजवर कुणी मागितले नव्हते.

"अगं, एवढ्यात झकास मिक्सर येतो! रोख घेतलंस तर जेमतेम अकरा डॉलर. कूपनावर ती चिमुकली किंमत छापलीय ना, ती नुसती कायद्यासाठी. गिऱ्हाइकाने मागितले तर पैसे द्यायलाच हवेत, असा सरकारचा हुकूम. मग कंपनीने छापली, कमीत कमी चालेल तेवढी. मागतंय कोण?"

"मी मागतेय."

तिचा नवरा लाईल भारी हिशेबी. पावाचीसुद्धा पावती तपासायचा, आणि एखादा सेंट जुळला नाही की हात उचलायचा. मेल्याला कूपनं तेवढी बायकी वाटत, म्हणून ती त्याच्या हिशेबातून सुटली. डुलुथला तिची बहीण होती. बसचं भाडं नऊ डॉलर. एकदा बसमध्ये चढली की सुटली बिचारी!

बाई आत जाऊन पैसे घेऊन आल्या, तिच्या हातावर ठेवले आणि मायेने म्हणाल्या, "लाईलला गॅरेजात फोन केला हं मी. म्हटलं, बायकोला हातखर्चाला देत जा जरा. येतोच म्हणाला."

"काय केलंत हो हे!" आर्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घाईने बाही खाली ओढली, पण मनगटावरचे काळेनिळे वळ बाईंनी पाहिलेच. त्यांचं हसू जागच्या जागी मावळलं.

तेवढ्यात लाईल दार ढकलून आत आला. "कसले पैसे मागतेय ही?"

"पैसे? छे रे! मिक्सर घेतलाय तिने. फोनवर आपली तुझी थट्टा केली," बाई मोठ्याने म्हणाल्या. "बरं झालं आलास. धूड आहे नुसतं, मला एकटीला हलेना. मागच्या खोलीत ये, जरा हात लाव."

"तू इथंच थांब," लाईलने आर्लीनला दरडावलं आणि कुरकुरत बाईंच्या मागे गेला.

आर्लीन दाराबाहेर पडली तेव्हा आतून बाईंचं चाललंच होतं, "तो नव्हे रे, त्याच्या खालचा खोका!" ती थांब्याकडे पळत सुटली. बस अजून आली नव्हती.