भोंग्यानंतरचं गाणं

मी एक गिटार बोलतेय. लाल रंगाची, विजेवर वाजणारी. सिल्वासातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझी गोष्ट सांगायची तर आधी लीलाबाईंचा नवस सांगायला हवा.

लीलाबाई म्हणजे माझ्या मालकाची, अभिजीतची आई. नवऱ्याच्या नोकरीपायी कोकणातून इथे आलेली, वारांची, उपासांची बाई. एका शुक्रवारी तिने देवीपुढे पदर पसरला. "आई, माझ्या लेकाचं एक गाणं घरोघरी वाजू दे. तोवर चहात साखर घालणार नाही. वाजलं, की खणानारळाने तुझी ओटी भरीन."

देवाकडे मागताना हावरेपणा करू नये, अशा वळणात ती वाढलेली. म्हणून एकच गाणं मागितलं. देवीनेही मोजून तेवढंच दिलं.

मी जन्मले कुठल्याशा कारखान्यात. वापीच्या दुकानात काचेमागे धूळ खात होते, तेव्हा अभिजीतने मला पहिल्या पगारात घरी आणलं. लीलाबाईंनी माझ्या मानेला काळा दोरा बांधला. तो म्हणाला, "आई, अगं गिटार आहे ती, बाळंतीण नव्हे!" ती म्हणाली, "दृष्ट काय बाळंतिणींनाच लागते होय रे?"

बँडमध्ये तिघे. अभिजीत मला वाजवायचा आणि गायचा. ड्रमवर कल्पेश, इथलाच, गुजराती. बेस गिटारवर योगेश. तो धुळ्याकडचा, राखोलीला सुताच्या कारखान्यात कामाला. सराव योगेशच्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. बँडचं नाव 'तिसरी पाळी', म्हणजे रात्रपाळी.

योगेशच्या खोलीतला एक जण पहाटेच्या पाळीत मशीनवर पेंगला आणि हाताची बोटं गमावून बसला. त्याच्यावर या पोरांनी गाणं केलं, 'भोंगा'. "भोंगा झाला, ऊठ रे गड्या, झोप ठेव तू गेटवर." सुरुवातीला अभिजीत माझी तार अशी ताणायचा, की माझ्या गळ्यातून हुबेहूब कारखान्याचा भोंगा निघायचा. ते वाजवणं नव्हतं. कळवळणं होतं.

विश्वकर्मा पूजेला एका कारखान्याच्या आवारात ते पहिल्यांदा वाजलं. कामगार आधी जवळ सरकले, मग सगळेच हात वर करून 'भों ऽऽ' ओरडले. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, आणि दिवाळीपर्यंत ते रिक्षांत, वरातींत, पोरांच्या फोनमध्ये, सगळीकडे पोचलं. लीलाबाईंनी ओटी भरली, चहात साखर घातली. शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, आता मुंबईलाच जाणार तुम्ही." ती लाजली.

मग जिथे तिथे आमचा भोंगा. दुकानाचं उद्घाटन, लग्न, बारसं. हो, बारशालासुद्धा! पाळण्यातलं मूल दचकून रडलं, आणि माणसं नाचली. ज्याची बोटं गेली तो एकदा ऐकायला आला होता. त्याच्यापुढेच एक नवरदेव मित्रांच्या खांद्यावर बसून 'भों ऽऽ' करत होता. बोटं गेलेला तो गडी जेवायला न थांबता निघून गेला. योगेशने ते पाहिलं. त्या दिवसापासून त्याचा बेस मला मलूल वाटू लागला.

अभिजीतला दुसरं गाणं सुचलं दुधनीला. धरणाच्या पाण्यात नावेतून जाताना एक म्हातारी पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, इथं माझी चूल होती. त्यावरून गाणं झालं, "नाव हळू हाक रे, खाली माझं अंगण आहे." मी बरीच गाणी वाजवलीत. असं दुसरं नाही.

खेरडीच्या एका लग्नात त्यांनी ते धरलं. कडवं संपायच्या आत नवरीचा मामा स्टेजवर चढला. "ओ हिरो, रडायला बोलावलंय का तुम्हाला? भोंगा लावा, भोंगा!"

"हे एवढं होऊ द्या, मामा."

"अरे, ह्याच्यावर नाचायचं कसं?"

खालून सगळे ओरडायला लागले. अभिजीत गातच राहिला. आणि मागून कल्पेशने भोंग्याचा ठेका सुरू केला. अभिजीतने वळून पाहिलं, माझी वायर उपटली आणि खाली उतरला.

"भाई, पब्लिकला जे पायजे तेच द्यायचं ना," कल्पेश गाडीपाशी म्हणाला.

"मग पब्लिकलाच बसव ड्रमवर."

योगेश मधे पडला, "ऱ्हाऊ द्या रे भो." पण काही राहिलं नाही. योगेश गावी गेला. कल्पेशने डीजे काढला. आता तो भोंगा रेकॉर्डवरून वाजवतो. त्याला ना अभिजीत लागतो, ना मी. माझाच आवाज खिडकीतून ऐकू येतो आणि मी खिळ्यावर असते. अभिजीत राखोलीत सुपरवायझर झाला. भोंगा झाला की खऱ्या गेटमधून आत जातो.

माझी हेळसांड झाली असं म्हणू नका. दसऱ्याला पूजा होते, झेंडूची माळ असते. ओल्या फुलांनी तारा गंजल्या, खुंट्यांत हळद बसली. माणसांना पुजणं सोपं जातं, हातात घेणं अवघड.

यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. पन्हं झालं, डाळ झाली. प्राजक्ता वहिनी, शेजारच्या शिक्षिका, अभिजीतला म्हणाल्या, "भावोजी, भोंगा होऊन जाऊ दे! मी व्हिडिओ काढते."

त्याचा चेहरा उतरला. लीलाबाईंनी डाळीची वाटी खाली ठेवली. "भोंगा नको. अभी, ते नावेचं म्हण."

"ते कुणाला माहीत नाही, आई."

"मला तरी कुठे पुरतं माहीत आहे? शेवटपर्यंत ऐकू दिलंय का कुणी?"

त्याने मला खिळ्यावरून काढलं. एक तार तुटलेली, मान वाकलेली, आणि ॲम्प्लिफायर केव्हाच बिघडलेला. विजेशिवाय माझा आवाज डासाएवढा. लीलाबाईंनी उठून पंखा बंद केला. तो गायला. मी बेसूर होते, तरी त्याने मला सांभाळून घेतलं. दोघी बायका मधेच उठल्या, "कुकर लावायचाय" म्हणत. प्राजक्ता वहिनींनी फोन पर्समध्ये टाकला. पण या वेळी गाणं शेवटपर्यंत गेलं.

टाळ्या नाहीत. सगळ्या आपापल्या ओटीतले हरभरे चाचपत बसल्या. लीलाबाई तेवढ्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण. दुसरं कडवं नीट कळलं नाही."

आणि तो पुन्हा गायला.

बँड काही परत जमणार नाही. दुसऱ्या दिवशी अभिजीत पाळीवर गेला, मी खिळ्यावर. पण तुमच्या गावात, गल्लीत कुणी गायला उभं राहिलं, तर तुमच्या ओळखीचं गाणं होऊ द्या, नाचा हवं तर. मग लीलाबाईंसारखा पंखा बंद करा आणि त्याला विचारा, "आणखी काय केलंयस रे? ते म्हण." आणि संपेपर्यंत उठू नका.